माळ्यावरचं कोणाचं?

घर आवरताना, वाटण्या करताना, किंवा 'आमच्यानंतर याचं काय' असा विचार मनात आल्यावर वाचकांना पडलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताईंचा पुण्याच्या कसबा पेठेत, सासऱ्यांच्या काळापासूनचा, जुन्या सामानाच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

ताई, सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. गावचं घर विकायचं ठरलंय. माळ्यावर हंडे, घंगाळ, बंब, पराती, समया, काशाच्या वाट्या असं टेंपोभर सामान आहे. दोन्ही नणंदा म्हणतात, "आईचं आहे, मोडीत घालायचं नाही." पण न्यायलाही कुणी तयार नाही. माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे कुठं ठेवू? आणि विकलंच तर किती येतील?
— एक सून, नाशिक

पैशाचं आधी सांगते. तो आकडा मनातून निघाला की पुढचं बोलणं सोपं जातं. मोडीत भांडं वजनावर जातं. घडणावळ, वय, आजेसासूबाईंनी ते डोक्यावरून कुठून आणलं, यातलं काहीही काट्यावर चढत नाही. तांब्याला पितळेपेक्षा भाव जास्त, हिंदालियमला सगळ्यांत कमी. बंबाची लोखंडी जाळी आधी निघते, हंड्याची लोखंडी कडी निघते, तळाशी बसलेला क्षार ठोकून काढतात, आणि मग वजन होतं. घरचे लोक अंदाज बांधतात तुळशीबागेतल्या नव्या भांड्याच्या किमतीवरून, आणि मग मी त्यांना लुबाडायला आलेय असं त्यांना वाटतं. हे माझ्या सवयीचं झालंय.

मोडीपेक्षा बरं गिऱ्हाईक म्हणजे सजावटवाले. हॉटेलं, रिसॉर्ट, नवे बंगले. त्यांना घंगाळ हवं असतं पाण्यात फुलं सोडायला, बंब हवा असतो दाराशी उभा करायला, समई हवी असते पुरुषभर उंचीची. परातींना आणि पातेल्यांना ते हात लावत नाहीत. म्हणजे टेंपोतल्या तीन-चार वस्तू तिकडे, बाकी मोड. काशाचं मात्र वेगळं. काशाच्या ताट-वाट्यांना सध्या मागणी आहे, तळपाय घासायच्या वाटीलाही आहे. ती पितळेत मिसळून देऊ नका. बोटाच्या पेराने वाजवून पाहा: काशाचा नाद लांबतो, पितळेचा लगेच बसतो.

आता नणंदांचं. कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, आईच्या वस्तूंवर मुलींचा हक्क मुलाइतकाच आहे, सासरे असतील तर त्यांचाही. तेव्हा त्यांना न विचारता काही विकू नका. पण 'विकायचं नाही आणि न्यायचंही नाही' याचा अर्थ तुमचा माळा हे त्यांचं गोदाम, तेही बिनभाड्याचं. हे त्यांना सुनेने सांगू नये, भावाने सांगावं. सुनेने सांगितलं की विषय भांड्यांचा राहत नाही. एक रविवार ठरवा, सगळं सामान ओसरीवर मांडा, आणि ज्याला जे हवं ते त्याने त्याच दिवशी, स्वतःच्या गाडीतून न्यायचं. 'पुढच्या खेपेला नेते' चालणार नाही. उरलेलं विकायला त्यांचा होकार फोनवर लेखी घ्या, पैसे भावंडांत समान.

आणि मांडताना प्रत्येक भांडं उलटं करून बघा. काठावर नाहीतर बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं असतात. 'चि. सौ. कां. अमुक हिला मामाकडून', तारीख, कधी गावाचं नाव. मी भांडं काट्यावर ठेवण्याआधी ती ओळ घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवते, हा माझा नेम आहे. शनिवार पेठेतल्या एका घरात एक साधा पाण्याचा तांब्या निघाला, आणि त्यावरचं बाईचं नाव तिथं जमलेल्या कुणालाच लागेना. शेवटी नव्वदीच्या आत्याबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ही आमच्या वडिलांची पहिली बायको, बाळंतपणात गेली. घरात तिचा फोटो नाही, तिचं नाव कुणी घेत नव्हतं. समयांवरून तासभर हमरीतुमरीवर आलेल्या दोघी बहिणींनी समया मला देऊन टाकल्या आणि तो तांब्या ठेवून घेतला. मोडीत त्याचा चहासुद्धा आला नसता.

वय ७८. नोकरीत असल्यापासून पुस्तकं घेत आलो. ज्ञानकोश, विश्वकोश, कथा-कादंबऱ्या, चरित्रं, १९६२ पासूनचे दिवाळी अंक. मुलगा बंगळूरला, मुलगी कॅनडात, दोघांनाही नको. इथल्या वाचनालयाने "जागा नाही" म्हणून सांगितलं. माझ्या पश्चात संग्रह फुटू नये, कुठेतरी माझ्या नावाचं एक कपाट असावं, एवढीच इच्छा आहे. रद्दीवाल्याच्या काट्यावर पुस्तकं गेलेली मला सहन होणार नाहीत.
— एक वाचक, डोंबिवली

काका, वाचनालयावर रागावू नका. तुमच्याकडे जे आहे ते बहुतेक त्यांच्याकडेही आहे, आणि तुमच्याच पिढीचे दहा जण त्यांना तेच द्यायला दारात उभे आहेत. त्याच पंधरा-वीस कादंबऱ्या मी पेठेतल्या दर दुसऱ्या घरातून उचलते. पुस्तक घेतलं की दाखल करावं लागतं, बांधावं लागतं, त्याला कसर लागलेली असेल तर शेजारचीही जातात. माणूसबळ कुणाकडे नाही.

विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश, दोन्ही आता नेटवर फुकट वाचता येतात. तरी ज्ञानकोशाचे १९२० च्या दशकातले मूळ खंड, सगळेच्या सगळे तेवीस, चांगल्या अवस्थेत असतील तर संग्राहक घेतो. एक खंड कमी असेल तर भाव पाडून मागतो. विश्वकोशाच्या छापील संचाला आज कुणी विचारत नाही. वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे.

तुमच्या पत्रातली खरी बातमी तुम्ही शेवटी लिहिलीत: १९६२ पासूनचे दिवाळी अंक. आपल्याकडे १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून किती निघाले आणि किती लोकांनी पुढच्या दिवाळीपर्यंत रद्दीत घातले! कादंबरीची आवृत्ती पुन्हा निघते, दिवाळी अंकाची निघत नाही. त्यातल्या जाहिराती, व्यंगचित्रं, नंतर कुठल्याच पुस्तकात न आलेल्या कथा, हे सगळं त्या एका अंकातच असतं. एकाच अंकाची सलग वर्षं जमली असतील तर ती आधी वेगळी काढा, वर्षवार यादी करा, आणि जुन्या मोठ्या संग्रहालयांना त्या यादीसह लिहा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. डोंबिवलीहून दोन्ही लोकलच्या अंतरावर आहेत. 'माझ्याकडे पुष्कळ पुस्तकं आहेत' या पत्राला उत्तर येत नाही. 'अमुक अंकाची १९६२ ते १९८५ सलग वर्षं आहेत, तुमच्याकडे कुठली नाहीत?' या पत्राला येण्याची शक्यता बरीच जास्त.

आता कपाटाचं. संग्रह अखंड राहावा ही इच्छा मी खूप जणांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती पुरी झालेली उदाहरणं पाहिली तर त्यांत एक गोष्ट सारखी दिसते: देणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांदेखत दिलं. रा. गो. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह १९१७ साली स्थापन झालेल्या, त्यांच्याच नावाच्या संस्थेला दिला, तेव्हा ते हयात होते. आमच्या पेठांमधले काकासाहेब केळकर, म्हणजे दिनकर केळकर, यांचा मूळ धंदा चष्म्याचा. 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्यं, बायकांच्या फण्या, जे दिसेल ते गोळा करत गावोगाव फिरले. मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावाने संग्रहालय काढलं आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरातला सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले. वस्तू कुठं लागतेय, कशी लागतेय, हे त्यांना बघता आलं. आणि एवढं असूनही त्या संग्रहातला थोडाच भाग मांडलेला असतो, बाकीचा जागेअभावी आत. केळकरांच्या अडकित्त्यांची ही गत, तर तुमच्या-माझ्या कपाटाची काय कथा?

म्हणून नावाच्या कपाटाचा हट्ट सोडा, आणि संग्रह फोडा. तुम्ही स्वतः फोडलात तर त्यात निवड असेल. शास्त्राची पुस्तकं शिकवणाऱ्याला, नाटकं हौशी मंडळींना, चरित्रं शेजारच्या त्या एका वाचणाऱ्या मुलीला. प्रत्येकात पहिल्या पानावर तुमचं नाव आणि खरेदीचं साल असेलच. असलं पुस्तक जुन्या बाजारात माझ्या हाताशी आलं की मी ते पान वाचते, आणि गिऱ्हाईकही वाचतं.

पुस्तक देण्याआधी एकेक झटका मात्र. आतून काय काय पडतं ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही: विम्याच्या पावत्या, मुदत ठेवीचे कागद, न वटवलेले लाभांशाचे चेक, कागदी शेअर सर्टिफिकेटं. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत वर्ग होतात. ते परत मिळवता येतात, पण तो कागद हाताशी असलेला बरा.

यांना जाऊन आठ महिने झाले. कपड्यांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. मुलं म्हणतात, "आई, आता देऊन टाक." मी चुकतेय का?
— नाव नको, सातारा

नाही. आठ महिन्यांत कपाट उघडलं पाहिजे असा नियम मला कुठं आढळलेला नाही.

आपल्याकडच्या जुन्या रीतीत याची सोय लगेच लावलेली असे. अकराव्या-बाराव्याला शय्यादान: गादी, पांघरूण, छत्री, जोडे, भांडं, वापरातल्या वस्तू दारातून बाहेर. पुढे उरलेल्या कपड्यांना बोहारीण होतीच, शर्ट-पँटी घेऊन स्टीलचं पातेलं देणारी. एका अर्थी बरं होतं, ठरवायचं ओझं बाईवर नव्हतं. आता ते तुमच्यावर आलंय, तर तुमच्या वेगाने ठरवा.

उघडाल त्या दिवशी सोबत कुणी असू दे, शक्यतो मुलं नकोत, मैत्रीण चालेल. खिसे तपासा. स्वेटर आणि चांगल्या पँटी ओळखीतल्या माणसाला हातात द्या, पिशवीत भरून अनोळखी ठिकाणी पाठवू नका. त्यांच्या शर्टांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका आता शहरांतही आहेत. सुती शर्ट घ्या, टेरिकॉट घेऊ नका, त्यावर टाका नीट बसत नाही आणि ऊबही नाही.

मी न्यू जर्सीत असते. बाबा कोथरूडला एकटे, वय ८१. घरात श्रीखंडाचे रिकामे डबे, टीव्हीचे खोके, बंद पडलेले तीन मिक्सर, वायरींची पिशवी, जुनी 'कालनिर्णय'. दर खेपेला मी आवरायला घेते आणि आमचं भांडण होतं. या डिसेंबरात येतेय. ते देवदर्शनाला जातात त्या दोन दिवसांत गुपचूप सगळं काढून टाकावं असं चाललंय. तुमचा माणूस पाठवाल का?
— एक मुलगी

नाही पाठवणार.

अशी कामं मी सुरुवातीला घेतली होती, आता घेत नाही. घरी आल्यावर तो माणूस पहिली जी वस्तू शोधतो, ती नेमकी माझ्या टेंपोत गेलेली असते. मग फोन येतो, आणि ती मोडून झालेली असते. तुम्ही जानेवारीत विमानात बसाल. पुढचं वर्षभर शेजारपाजारचे सगळे ऐकतील की मुलीने माझी मिक्सरची भांडी फेकली.

'कालनिर्णय' उलटून पाहिलंत का? आमच्या आणि तुमच्या आईच्या पिढीचा सगळा हिशोब त्या पानांच्या मागे असतो. दूध, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे, आणि मध्येच 'आज पहिला दात'. तुमचाच असेल. ती जुनी पानं ठेवण्यामागे त्यांचं काही कारण असू शकतं, एकदा विचारा तरी.

या खेपेला फक्त दोन गोष्टी करा. पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी करा, रात्री तिथं पाय अडकायला काही नको. याला ते नाही म्हणणार नाहीत, कारण हे त्यांच्यासाठी आहे. आणि कागद बघा: बँका किती, पासबुकं कुठं, मृत्युपत्र आहे का, फोन उघडायचा आकडा काय. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवते. २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर नाव घालून त्या शोधता येतात, बाबांच्या आणि आईच्याही नावाने शोधा. गूगलवर 'माझं खातं इतके महिने बंद राहिलं तर अमक्याला कळवा' अशी सोय आहे, त्यात तुमचं नाव घालून घ्या. आईचे फोटो सगळे तिथंच असतील.

डबे राहू देत. बाबा गेल्यावर ते घर आवरायला माझा माणूस आणि टेंपो मिळून एक दिवस लागतो. त्या एका दिवसाच्या कामासाठी आत्ताचे डिसेंबर कशाला घालवता?

आम्हाला मूलबाळ नाही. देव्हाऱ्यात खंडोबा आणि देवीचे चांदीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक जुना शंख. रोज पूजा होते. आम्ही दोघं गेल्यावर हे कोण बघणार, या विचाराने मिस्टरांना झोप लागत नाही. असे देव लोक काय करतात?
— एक आजी, बार्शी

आजी, लोक काय करतात ते सांगते, मग काय करावंसं वाटतं ते. लोक सराफाकडे देतात, तो वितळवतो. काही नदीत सोडतात. काही पिंपळाच्या पारावर ठेवून, मागे न बघता घरी येतात. तसबिरींचं तर विचारूच नका, आमच्या इथल्या प्रत्येक पारावर काचा फुटलेले गणपती-दत्त टेकून उभे असतात. माझ्याकडे टाक विकायला येतात, मी घेत नाही. चांदी असली तरी नाही. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा आहे असं माझा मुलगा म्हणतो.

टाक कुळाचे. तुमच्या आडनावाची दुसरी घरं असतील, पुतणे असतील. त्यांना विचारा, पण 'घ्याल का' असं विचारू नका, लाजेकाजेस्तव हो म्हणतील आणि पितळी डब्यात घालून कपाटात ठेवतील. 'पूजा कराल का, कोण करेल' असं विचारा. सूनबाईंसमोर विचारा. कुणीच पुढं आलं नाही, तर तुमचा कुळाचार ज्यांना माहीत आहे अशा गुरुजींना विचारून, कुलदैवताच्या ठिकाणी जाऊन, दोघांच्या हातांनी काय ते करा. रीत घराण्यागणिक वेगळी, ती मी सांगणं बरं नाही.

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मात्र तुम्ही माहेराहून आणले असणार. ते कुळाचे नव्हेत, तुमचे आहेत. भावाची नात लग्नाची असेल ना कुठं? तिला लग्नात नवी अन्नपूर्णा विकत घेतीलच. ती घेऊ देऊ नका, ही द्या, उजळून. शंख वाजवणारा कुणी असेल त्याला आत्ताच देऊन टाका.

आईच्या लॉकरला आणि ठेवींना धाकट्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून आहे. तो म्हणतो, आता सगळं माझं. खरं का?
— एक थोरला, कोल्हापूर

मी वकील नाही, पण हे भांडण माझ्यासमोर इतक्यांदा झालंय की उत्तर पाठ आहे. नॉमिनी म्हणजे बँकेकडून ताब्यात घेणारा. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, नसेल तर वारसांची. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, हिस्से ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक.

आई हयात आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर मृत्युपत्र करायला सांगा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असली तरी करून घ्यावी. त्यात फ्लॅट आणि ठेवी लिहून खाली 'इतर सर्व जंगम' असं मोघम टाकू नका, कारण माझ्यासमोर जी भांडणं होतात ती त्या तीन शब्दांतल्या वस्तूंवरून. पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, पैठणी कुणाला, हे नावानिशी येऊ दे. पैठणी जुन्या खऱ्या जरीची असेल तर विशेष सांभाळा. जरीवाले ती चांदीसाठी घेतात आणि जाळून चांदी काढतात.

आणि तुमची स्वतःची पासबुकंही एकदा काढून बघा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर नॉमिनी म्हणून अजून आईचंच नाव असायचं.